मास्तरांनी न मोजलेल्या पायऱ्या

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गळ्यात टेप, खिशात खडूचा तुकडा आणि तोंडात टाचण्या. तोंडात कायम टाचण्या असल्यामुळे अर्धं आयुष्य ते ओठ मिटूनच बोलले, आणि उरलेल्या अर्ध्यात फारसं बोललेच नाहीत. पण काम असं की नाव घ्यावं. त्यांनी शिवलेला कोट घातला की वाकलेला माणूससुद्धा ताठ दिसायचा.

त्यांचा एक हट्ट होता. कच्चा टाका घालून, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून, पुढून-मागून बघितल्याशिवाय ते पक्की शिलाई मारायचे नाहीत. एकदा एका वकिलाला दुसऱ्याच दिवशी नवा कोट हवा होता. तो म्हणाला, ट्रायल-बियल सोडा, मापं आहेतच तुमच्याकडे. मास्तरांनी कापडाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "साहेब, माप टेपचं असतं, अंग तुमचं असतं. मला नाही जमणार." वकील तणतणत गेला आणि चार दिवसांनी तेच कापड घेऊन परत आला.

असा हा काटेकोर माणूस. आणि ह्याच माणसानं आयुष्यात एकदा घर घेतलं, ते कसं घेतलं ते ऐका. मला तर आजही सांगताना राग येतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं की राग गिळावा लागतो.

मास्तर सव्वीस वर्षं एका सपाट, लहानशा गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. घरमालक दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दारात यायचा. आत ये म्हटलं तर यायचा नाही. उंबऱ्यावर उभा राहून छताकडे बघायचा, भिंतींकडे बघायचा, आणि मग मास्तरांकडे असं बघायचा की जणू हे रोज त्याच्या घराची एकेक वीट खाताहेत. मास्तर मान खाली घालून उभे राहायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्या माणसाचं काही वाटायचं नाही. त्या म्हणायच्या, "बघू दे की, बघून काय छत झिजतंय?" मास्तरांना मात्र ते जिव्हारी लागायचं. पुढचं घर स्वतःचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

काकूंबद्दल सांगायला हवं. काकू काज करायच्या. मास्तरांच्या दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायच्या, हातात सुई, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी थांबायचा. टपाल वाटणारा, दूधवाला, शेजारच्या मुली, सासूला कंटाळलेल्या सुना, सुनेला कंटाळलेल्या सासवा. सगळ्यांचं सगळं काकूंना माहीत. जेवण एक वेळ नसलं तरी त्यांना चाललं असतं, माणसं नसली तर चालायचं नाही. फक्त गुडघे कामातून गेले होते. सपाट रस्त्यावर काठी घेऊन त्या बऱ्या चालायच्या, पण दोन पायऱ्या चढायच्या म्हटल्या की ओठ आवळायच्या.

तयार कपड्यांची दुकानं झाली आणि मास्तरांचं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना एका मोठ्या शहरात काम मिळालं. हॉटेलातल्या नोकरांचे आणि बँडवाल्यांचे गणवेश शिवणारं मोठं दुकान होतं, तिथं कापड बेतायला जाणता माणूस हवा होता. मास्तरांनी आपलं दुकान विकलं आणि पुढं गेले. काकू मागं राहून सामान बांधत होत्या. निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"हे बघा, तिथलं आपल्याला काही ठाऊक नाही. आधी वर्षभर भाड्यानं राहू. कुठं पाणी येतं, कुठं चिखल होतो, शेजार कसा, सगळं कळू दे. तुम्ही कोटाची ट्रायल घेता, घराची पण घ्या की."

मास्तर "बघू" म्हणाले. ह्या "बघू"चा अर्थ काकूंना तीस वर्षांत कळायला हवा होता.

शहर डोंगरावर वसलेलं. सपाट गावातून आलेल्या माणसाला डोंगर म्हणजे काय हे चित्रातूनच माहीत. तिसऱ्याच आठवड्यात दुकानातल्या कुणीतरी सांगितलं की एक माणूस घर विकतोय, स्वस्तात. तो माणूस पाणीपुरवठा खात्यात कामाला होता. तो स्वतःची गाडी घेऊन मास्तरांना न्यायला आला. गाडी वळणं घेत वर चढली आणि एका मोठ्या फाटकापाशी थांबली. आत पाण्याच्या टाक्या होत्या. पहारेकऱ्यानं फाटक उघडलं आणि चक्क सलाम ठोकला. तो सलाम अर्थात गाडीवाल्याला होता, पण मागच्या सीटवर बसलेले मास्तर त्या सलामानं सुखावले, आणि हे त्यांनी नंतर स्वतः कबूल केलं. टाक्यांच्या आवारातून गाडी पलीकडे निघाली आणि थेट घराच्या दारात उभी राहिली.

घर खरंच चांगलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि उत्तरेच्या खिडकीतून येणारा पांढरा स्वच्छ उजेड. शिंप्याला असा उजेड दिसला की त्याचं डोकं फिरतं. दुसऱ्या खेपेला मास्तर टेप घेऊन गेले. त्यांनी दारं मोजली, खिडक्या मोजल्या, मशीन कुठं बसेल, कपाट वळेल का, सगळं वहीत लिहिलं. "बस कुठं मिळते?" त्यांनी विचारलं. "ही काय, खालीच. पाच मिनिटं," गाडीवाला म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. उतरायला पाचच मिनिटं लागायची. मास्तर काही उतरून बघायला गेले नाहीत, गाडीत बसून आले तसे परतले आणि दोन दिवसांनी कागदांवर सही केली.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. मास्तरांनी उत्साहानं सांगितलं की एक जागा बघितली आहे, चांगली आहे, मनात भरली आहे. सही झाली हे सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, "चढउतार नाही ना हो फार?"

"अगं, सपाट आहे सगळं," मास्तर म्हणाले.

झालं. एवढंच वाक्य. न बघता, न विचारता, टेप न लावता. ज्या माणसानं वकिलाला कापड परत दिलं होतं, त्यानं हे वाक्य घशातून इतकं सहज बाहेर टाकलं.

काकू येईपर्यंत मास्तर दुकानातच झोपत होते, घराकडे पुन्हा फिरकले नव्हते. काकू आल्या त्या दिवशी टॅक्सी त्याच फाटकापाशी गेली. पहारेकऱ्यानं ह्या वेळी सलाम केला नाही. "पाटी वाचता येत नाही का? खात्याच्या गाड्या सोडून कुणाला आत सोडत नाहीत." मास्तरांनी घर विकणाऱ्याचं नाव सांगून बघितलं, पहारेकरी हसला. टॅक्सी वळली आणि डोंगराला वळसा घालून खालच्या रस्त्याला आली. तिथं बसचा थांबा होता, बाजार होता, आणि दोन घरांच्या मधून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. तिथल्या एका हमालानं बोट वर केलं. "ते घर? ते काय, निळ्या दाराचं."

काकूंनी मान वर केली आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. मग काठी सावरून म्हणाल्या, "चला, हळूहळू पोचू."

दीड तास लागला. दहा पायऱ्या झाल्या की काकू बसायच्या. हमाल ट्रंक घेऊन वर गेला, खाली आला, गादी घेऊन वर गेला, आणि दर खेपेला त्यांना ओलांडताना "सांभाळून हं काकू" म्हणत गेला. मास्तर मागून चालत होते आणि मनातल्या मनात मोजत होते. एकशे बेचाळीस भरल्या. वर पोचल्यावर काकूंनी तोंड धुतलं, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजेड मात्र छान आहे हो." मास्तर शिव्यांची वाट बघत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना घास तरी गिळता आला असता.

आता तुम्ही म्हणाल, मग विकायचं घर, खाली भाड्यानं राहायचं, त्यात काय एवढं. अहो, पण गावाकडे सगळ्यांना सांगून झालं होतं ना, मास्तरांनी स्वतःचं घर घेतलं म्हणून. काकूंना आणायला गावी गेले तेव्हा जुन्या घरमालकाला तर मास्तरांनी मुद्दाम जाऊन सांगितलं होतं. आता कोणत्या तोंडानं खाली उतरणार? डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं तर आधी साखर आटोक्यात यायला हवी, आणि तोवर पायऱ्या अजिबात नकोत. काकू म्हणाल्या, "होईल हो सवय." मास्तरांनी हे वाक्य दोन्ही हातांनी झेललं आणि त्यावर चौदा महिने काढले.

त्या चौदा महिन्यांत काकू दोनदा खाली उतरल्या. दोन्ही वेळा दवाखान्यात जायला, खुर्चीत बसवून, दोन हमालांच्या खांद्यावर. बाकी त्या, घर आणि तो उत्तरेचा उजेड. आजूबाजूला दोनच घरं. एकाला कुलूप आणि दुसऱ्यात एक नर्स, ती बिचारी सदा ड्युटीवर. दुकानाच्या दारात बसून आख्ख्या गावाशी बोलणारी बाई आता शिलाई मशीनच्या पायडलशी बोलायला लागली.

मास्तर रोज सकाळी उतरायचे, संध्याकाळी चढायचे. दारात पाय ठेवला की काकूंचा पहिला प्रश्न, "आज कोण भेटलं?" मास्तर म्हणायचे, "कोण भेटणार, कामाला गेलो होतो." पण काकू सोडायच्या नाहीत. कोपऱ्यावर कोण बसतं? भाजीवालीचं तोंड कसं आहे? चपला शिवणारा म्हातारा आज होता का? त्याची मुलगी आली का माहेरपणाला? मास्तरांना सवय झाली. काकूंना सांगायला म्हणून ते बाजारात डोळे उघडे ठेवून चालायला लागले. बिचारीचा वेळ जातो, एवढंच त्यांना वाटायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मास्तर न्हाणीघरात होते आणि काकू बाहेर फोनवर बोलत होत्या. पलीकडे त्यांची धाकटी बहीण होती.

"अगं, आत्ताच जाऊन आले बाजारात. हे काय, दारातच तर आहे. तो चपलावाला म्हातारा मला बघितलं की स्टूल पुढं करतो. त्याची मुलगी येणार आहे म्हणे पुढच्या महिन्यात. भाजीवाली जरा फटकळ आहे, पण माझ्याशी गोड... हो गं, घर एकदम सोयीचं. तुझ्या भाऊजींचं काम कसं असतं तुला माहीत आहे ना, सगळं मोजूनमापून."

मास्तर अंगावर साबण तसाच ठेवून उभे राहिले. लाज लाज म्हणतात ती काय असते, ते त्यांना त्या दिवशी कळलं. काकूंनी कधी न बघितलेला बाजार काकू बहिणीला दाखवत होत्या, आणि तो सगळा त्यांनीच रोज संध्याकाळी आणून दिलेला होता. कशासाठी, तर मास्तरांची चूक माहेरी कळू नये म्हणून.

तेव्हाच बाहेर येऊन दोन शब्द बोलायला काय झालं होतं? पण नाही. मास्तरांनी पुन्हा नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात जेवढं ऐकू येऊ नये तेवढं ऐकू आलं नाही.

दीड महिन्यानं धाकटीचा फोन आला की ती येतेय. आठ दिवसांनी, मुक्कामाला. "ताई, तुझा बाजार बघायचाय मला," म्हणाली. काकू "ये की" म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ हातातल्या शर्टाला बटण लावत बसल्या. दोघं एका घरात, एका ताटाशी बसून, ह्या एका गोष्टीची वेगवेगळी काळजी करत राहिले.

मास्तरांनी काय करावं? आठवड्याच्या मधल्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. खिडकीपाशी एक कारकून बाई बसल्या होत्या. मास्तरांनी हात जोडून सांगितलं की आमच्याकडे पाहुणे येताहेत, त्यांना वरच्या रस्त्यानं आणायचंय, एका दिवसापुरतं फाटक उघडून मिळेल का. मेव्हणीनं पायऱ्या बघू नयेत, एवढाच त्यांचा बेत होता.

"पाहुण्यांसाठी नाही उघडत," बाई म्हणाल्या. "घरात कुणी आजारी आहे का? अधू वगैरे?"

"बायको," मास्तर म्हणाले. "गुडघे."

"मग तिच्यासाठी पास मिळतो की. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, अर्ज करा. आठवड्यातून दोनदा गाडी सोडतात. तुमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता पूर्वी." बाईंनी कागद पुढं सरकवला. "किती दिवस झाले तुम्हाला तिथं?"

"चौदा महिने."

"आणि आत्ता विचारताय?"

बाईंनी तो प्रश्न रागानं विचारला नव्हता. त्यांनी नुसतं डोकं वर करून बघितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मास्तर तो कागद हातात धरून बाहेर आले. मेव्हणीसाठी त्यांना रजा टाकता आली, हात जोडता आले. बायकोसाठी चौदा महिन्यांत एकदाही ह्या खिडकीपाशी येणं झालं नाही. कारण यायचं म्हणजे सांगावं लागलं असतं, मी घर घ्यायला चुकलो. ते दुकानात परत गेलेच नाहीत. सरळ घरच्या वाटेला लागले, मनाशी एकच घोकत की आज सांगून टाकायचं.

दुपारचे दोन वाजले होते. पायऱ्या तापल्या होत्या. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून मास्तर वळणावर आले आणि तिथं पायरीवर काकू बसल्या होत्या. हातात बाजाराची पिशवी, शेजारी काठी, पाण्याची रिकामी बाटली.

"तुम्ही आत्ता कसे?" काकू म्हणाल्या.

"तू इथं कशी?"

"बसलेय जरा. वारा छान येतो इथं." वाऱ्याचा मागमूस नव्हता. काकूंचा चेहरा लाल झाला होता आणि केस कपाळाला चिकटले होते.

मास्तर शेजारी बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. धाकटीचा फोन आला त्या दिवसापासून, मास्तर कामाला गेले की काकू पायऱ्या उतरायचा सराव करत होत्या. पहिल्या दिवशी दहा, मग वीस. उतरायच्या, बसायच्या, पुन्हा चढायच्या. धाकटी येईस्तोवर बाजारापर्यंत जमवायचं, असा हिशेब होता. आज वरून अठ्ठावन्नाव्या पायरीवर गुडघे अडकले ते अडकलेच. वरही जाता येईना, खालीही. सकाळी दहापासून त्या तिथं बसून होत्या. फोन वर चार्जिंगला लावलेला. दोन-चार माणसं गेली शेजारून, त्यांना काकूंनी हसून सांगितलं की वाट बघतेय कुणाची तरी.

मास्तरांनी रिकामी बाटली उचलून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "मी बघितलंच नव्हतं. तू विचारलंस तेव्हा. पायऱ्या आहेत का नाहीत, मला ठाऊकच नव्हतं. सही सकाळीच करून बसलो होतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. फोनवरच." काकूंनी पदरानं मान पुसली. "शर्टाला बटण कुठलं लावू विचारलं तरी तुम्ही घटकाभर विचार करता. त्या दिवशी पटकन उत्तर दिलंत. म्हटलं, ह्यांनी काही बघितलेलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सव्वीस वर्षं त्या माणसासमोर मान घालून उभे राहिलात. पहिल्यांदा आवाजात जोर होता तुमच्या. वाटलं, गुडघे काय, सोसतील अजून. नाही सोसत, त्याची मलाच लाज वाटते."

हे ऐकलं आणि मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज त्यांची, आणि ती काढून स्वतःच्या गळ्यात घालून ही बाई चौदा महिने वर बसली होती. त्यांनी खिशातला कागद काढला. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पासाबद्दल सांगितलं, कचेरीत कशासाठी गेलो होतो तेही सांगितलं.

काकूंनी कागद नीट वाचला. बराच वेळ वाचला.

"म्हणजे फाटक उघडा सांगायला गेलात ते धाकटीसाठी."

मास्तरांनी मान हलवली.

"माझ्यासाठी नाही गेलात कधी."

"नाही."

काकू रडल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, मास्तरांच्या हातात परत दिली आणि इतक्या वर्षांत कधी न वापरलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला खाली न्या."

"आधी वर जाऊ, थोडं पडून..."

"वर नाही. खाली."

पाय धरत नव्हते, म्हणून काकू बसल्या बसल्या उतरल्या. मास्तर एक पायरी खाली, तोंड वर करून, त्यांचा एक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचे, मग दुसरा. मग काकू हातावर जोर देऊन सरकायच्या. अशा चौऱ्याऐंशी. शाळेतून परतणारी मुलं थांबून बघत होती, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका कडेला होत होत्या. एकीनं विचारलं, पडल्या का हो? काकू म्हणाल्या, नाही, निघालेय. मास्तरांनी मान वर केली नाही.

त्या वर परत गेल्या नाहीत. त्या रात्री मास्तरांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी कापडाच्या गोदामात दोन गाद्या घालून दिल्या. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या, अकरा महिन्यांच्या करारावर. घरमालकीण चौकस होती. "स्वतःचं घर नाही का तुमचं?" तिनं विचारलं. "आहे," मास्तर म्हणाले, "वर आहे." आणि ते सांगताना त्यांनी बोटानं डोंगर दाखवला. वरचं घर विकायला काढलं. ते अजून विकलं गेलेलं नाही, कारण बघायला येणाऱ्याला मास्तर खालून पायऱ्यांनीच नेतात आणि वर पोचून त्याला धाप लागली की म्हणतात, नवीन आहात ना शहरात, मग आधी वर्षभर भाड्यानं राहून बघा. असा विकणारा कुणी पाहिलाय? पण हे नंतरचं.

धाकटी ठरल्या दिवशी आली. गल्लीत शिरली, गल्लीची पाटी बघितली, खोल्या बघितल्या. आल्या आल्या चहा घेतला. कप हातात धरून इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "ताई, ही जागा भाड्याची ना? बाहेर घरमालकीण भेटली. मग तुम्ही घेतलेलं ते घर?"

मास्तरांनी काकूंकडे बघितलं. सवयीनंच बघितलं. गेली तीस वर्षं असा प्रश्न आला की काकू पुढं होऊन काहीतरी सांगून टाकायच्या. कोटाला उशीर झाला तर माझे काज राहिलेत म्हणायच्या, उधारी थकली तर मीच खर्च केला म्हणायच्या. आताही दोन गोड वाक्यांत त्यांनी हे मिटवलं असतं. काकूंनी मास्तरांची नजर बघितली, कप खाली ठेवला आणि काहीच बोलल्या नाहीत. थांबल्या.

तेव्हा मास्तरांना बोलावं लागलं. त्यांनी सगळं सांगितलं. सही, फोन, ते एक वाक्य, पायऱ्या, खुर्ची, पास. काही वगळलं नाही. मध्ये दोनदा त्यांचा आवाज गेला, आणि दोन्ही वेळा त्यांना वाटलं आता काकू मध्ये पडतील. काकू पडल्या नाहीत.

धाकटी ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ताई चौदा महिने वर होती?"

"हो."

"आणि तुम्ही रोज खाली येत होतात?"

"हो," मास्तर म्हणाले. "रोज."

धाकटी उठून काकूंच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळानं काकूंनी कोपऱ्यातली काठी घेतली, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चल, बाजार बघायचा होता ना तुला. मीही अजून नीट बघितला नाही." दोघी बहिणी हळूहळू गल्लीतून निघाल्या. वळणावर चपलावाल्यापाशी काकू थांबलेल्या मास्तरांना दारातून दिसल्या. बोलत होत्या काहीतरी. म्हातारा त्यांना ओळखत नव्हता, पण त्यानं स्टूल पुढं केलं. मास्तरांना कुणी चला म्हणालं नव्हतं. ते आत गेले आणि तिघांचे कप विसळून ठेवले.